दामिनीची पाथ

त्या साली बोडीटोल्यात पाऊस वेळेवर आला, तळं भरलं, धानाचे पऱ्हे, म्हणजे वाफ्यातली रोपं, हिरवीगार उगवली. फक्त रोवायला बाया उरल्या नव्हत्या. करोनाच्या दोन लाटांत गावातली अकरा माणसं गेली, त्यांत पाच चांगल्या रोवणाऱ्या होत्या. काही जणी मिरची तोडायला तेलंगणात गेल्या आणि तिकडंच रमल्या. जिथं चाळीस बाया ओळीनं उभ्या राहायच्या, तिथं आता अठरा. धान काही कुणाची वाट पाहत नाही. रोप महिन्याचं झालं की वाफ्यातून काढून चिखलात रोवावंच लागतं. उशीर झाला तर ते फुटवे धरत नाही.

या अठरा जणींची म्होरकी देवकाबाई. धिवराच्या घरातली, पंचावन्नी ओलांडलेली, अंगानं काटक आणि जिभेनं काटेरी. नवरा उमाजी करोनातच गेला. घरात मुलगा सूरज, जो गावच्या तळ्यात जाळं टाकायचा, आणि सून दामिनी. देवकाबाईनं शाळेचं दार कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या टोळीनं तीस वर्षांत कुणाचे काढलेले पऱ्हे वाळू दिले नव्हते. ही गोष्ट ती कुणी न विचारताही सांगायची.

दामिनी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. सगळे विषय निघाले होते, इतिहासाचा एकच पेपर दोनदा राहिला. आता शेवटची खेप. यंदा नाही निघाला तर जुना अभ्यासक्रम बंद, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. पेपराचं नाव होतं 'मध्ययुगीन युरोप'.

"तिथी धान होते का?" देवकाबाईनं एकदा विचारलं होतं.

"नाई. गहू होते."

"मंग आपल्याले का करायचं त्या गावाचं?"

आरमोरीच्या केंद्रावरची परीक्षा लांबत लांबत जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी आली, म्हणजे नेमकी रोवणीच्या ऐन भरात. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी मारुतीच्या देवळात सभा भरली. सभेत एकही बाई नव्हती, निर्णय मात्र त्यांच्याच पायांचा झाला. धनराज पाटलाची गावात सगळ्यांत जास्त जमीन, त्यानंच विषय काढला. शेजारच्या गावात मजुरी जास्त देतात, म्हणून बाया दवाखान्याचं नाव सांगून तिकडं रोवायला पळतात. तेव्हा गावची रोवणी सरेपर्यंत एकाही रोवणाऱ्या बाईनं गावाबाहेर जायचं नाही. जी जाईल तिच्या घरचं जाळं वर्षभर तळ्यात पडणार नाही.

सूरजनं जेवता जेवता हे सांगितलं तेव्हा त्याची मान खालीच होती.

"मी उठून बोललो, माय. दामिनीचा पेपर आहे म्हनलं. धनराजभाऊ म्हने, आज पेपर, उद्या सोयरीक, परवा आनखी काही. एकीले सोडलं तं अठराही जातीन."

दामिनी चुलीशी बसून झिंगे निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मी जाईन," ती म्हणाली.

"अन् तळं बंद झालं तं खाशीन का? पुस्तक?" देवकाबाई कडाडली. बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच घास गोड लागेना, पण शब्द मागं घ्यायची तिला सवय नव्हती.

आता या दिवसांत वाचायला वेळ कुठून आणायचा? सहाला वावरात, अंधार पडता पडता घरी, मग पाणी, चूल, जेवण. दामिनीनं त्यावर आपली एक वाट काढली होती. पहाटे चुलीच्या उजेडात दोन-तीन पानं वाचायची आणि दिवसभर ती रोवता रोवता बायांना सांगायची. सांगितलं की डोक्यात बसतं, असं तिचं म्हणणं. टोळीत गाणं धरणारी बाई करोनात गेली होती. तिच्यामागून कुणी गाणं उचललं नव्हतं. त्या रिकाम्या जागेत मग युरोप शिरला.

देवकाबाईला पहिल्या दिवशी हे अजिबात पटलं नाही. तोंड चाललं की हात थांबतो, असा तिचा हिशोब. पण बांधी, म्हणजे बांधांमधला वावराचा एक चौकोन, रोवून संपली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की बाया रोजच्यापेक्षा लवकर धुऱ्याला, पलीकडच्या बांधाला, लागल्या आहेत. दामिनीचं ऐकू यावं म्हणून मागं राहणाऱ्यांनीही तिच्या बरोबरीनं हात चालवला होता.  दुसऱ्या दिवशी तिनं दामिनीला ओळीच्या मधोमध उभं केलं.

रोवणी म्हणजे उलटं चालणं. प्रत्येकीची एक पाथ, हातभर रुंद. कमरेतून वाकायचं, चार रोपं अंगठ्यानं चिखलात दाबायची, पाऊल मागं घ्यायचं, पुन्हा दाबायची. पाठीवर मेणकापड, त्यावर पावसाचा ताशा. तसं वाकून, खाली पाहतच दामिनी बोलायची.

"तं का झालं, जहाजातून उंदीर आले. उंदराच्या अंगावर पिसवा. मानसाच्या काखेत गाठ आली का तीन-चार दिवसांत मानूस खलास. तिघातला एक मेला म्हनते. कुठी कुठी तं दोघातला एक."

"बापा!" सुकरी म्हणाली. ती देवकाबाईच्या उजवीकडं असायची आणि प्रत्येक वाक्यावर काही ना काही म्हणायची. "अन् दवाखाने?"

"कुठचे दवाखाने. डॉक्टर चोच लावून फिरे म्हनते, पन थे लय मागून. तवा तं कोनालेच काही समजत नव्हतं. बाप पोराले सोडून पळे, बायको नवऱ्याले. पुजारीही मेले, मंग मेलेल्यासाठी प्रार्थना म्हनाले कोनी उरलं नाई. मोठे खड्डे खोदले अन् मानसं त्याच्यात रचली."

सुकरी या वेळी काही बोलली नाही.  नुसते हात चिखलात डुबुक डुबुक जात राहिले.

"त्याइच्या इकडेही," देवकाबाईनं न थांबता विचारलं, "खांदा द्याले कोनी आलं नाई?"

"नाई, मामी."

उमाजीचं प्रेत प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलं होतं. गाव दारं लावून बसलं. सूरज, त्याचा एक मित्र आणि आणखी माणूस मिळेना म्हणून मागच्या दांड्याला खुद्द देवकाबाई. तळ्याच्या पाळीवरून त्या तिघांनी त्याला नेला तेव्हा एका बाजूनं तिरडी सारखी खाली जात होती. हे तिनं आजवर कुणापाशी काढलं नव्हतं. आपल्याच गावानं तसं केलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं तिला आतून वाटत आलं होतं. आणि आता कळलं की सातशे वर्षांपूर्वी, कुठल्या कोण गहू खाणाऱ्या लोकांतही असंच झालं होतं. तिला रडू आलं. पावसात ते कुणाला दिसलं नाही.

संध्याकाळी दोघी घरामागं पाय धूत होत्या. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. देवकाबाई त्यात करंजाचं तेल भरत होती.

"त्या पेपरात हे लिवा लागते का?" तिनं विचारलं. "ज्याइले खांदा नाई भेटला त्याइचं?"

"हाव. प्लेगचे समाजावर झालेले परिणाम. पंधरा मार्काले येते."

"मंग लिव," देवकाबाई म्हणाली आणि तेलाची वाटी तिच्याकडं सरकवली. "अंगठ्याले लाव. चिघळला तं पेन धरता नाई येनार."

पुढचे दोन दिवस टोळीत भलतीच रंगत आली. शंभर वर्षं चाललेल्या लढाईवर सीता म्हणाली, "आमच्या भाऊबंदकीचा खटला चाळीसच वर्षं चालला तं आमी थकलो." फ्रान्सचे सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंड घालून नांगरलेल्या, ओल्या वावरात शिरले, गुडघ्याएवढ्या चिखलात रुतले आणि साध्या कुळवाड्यांनी धनुष्यबाणानं त्यांची खोड मोडली, हे ऐकून तर बाया रोवायचं सोडून पोट धरून हसायला लागल्या.

"चिखलात लोखंड घालून कोन जाते वो!" सुकरीला ते काही केल्या पटेना. "एखाद्या बाईले तरी विचारा लागत होतं."

मग दोन पोपांची भानगड निघाली. पोप म्हणजे त्यांचा सगळ्यांत मोठा महाराज, हे दामिनीनं आधी समजावलं. एका वेळी दोन झाले, पुढं तर तीन. प्रत्येक जण म्हणे मीच खरा, बाकीचे खोटे, त्यांच्या मागं जाल तर नरकात जाल.

"हे तं आपल्या दोन सप्त्यावानी झालं," सीता म्हणाली. गावात दोन वर्षं झाली, दोन भागवत सप्ते एकाच आठवड्यात बसत होते, भोंगे एकमेकांकडं तोंड करून. "मंग लोकाइनं का केलं?"

"लोक म्हनाले, हेच एकमेकाले खोटं म्हनून राह्यले तं आपन भ्याचं कोनाले? आपापलं डोकं चालवाले लागले."

या सगळ्याला आणखी एक ऐकणारी होती. धनराज पाटलाची बायको गिरजाबाई. बांधी तिच्या घरची, म्हणून दहाच्या सुमाराला ती चहाची किटली घेऊन धुऱ्यावर यायची. पूर्वी किटली ठेवून लगेच परतायची. आता छत्री धरून तासतासभर तिथंच बसून राहायची. चिखलात तिनं कधी पाय घातला नव्हता, पाटलाच्या घरात तशी रीत नव्हती. बुधवारी ती पहिल्यांदा बोलली.

"का वो दामिनी, त्या मोठ्या घरच्या बाया? त्याइचं का झालं?"

"काही मेल्या, बाई. ज्याइचे नवरे मेले त्याइच्यातल्या काही जनींनं कारभार हातात घेतला. दुकानं चालवली, वावरं पाह्यली."

"अन् नवरे जिते होते त्याइचं?"

दामिनीला हे पुस्तकात सापडलं नव्हतं. बाया गालात हसल्या. गिरजाबाई मात्र हसली नाही.

त्याच दिवशी दामिनीनं कायद्याचं सांगितलं. माणसं मेली, हात कमी झाले, तेव्हा उरलेल्या मजुरांनी जास्त मजुरी मागितली. इंग्लंडच्या राजानं फर्मान काढलं की मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच मिळेल आणि करार मोडून कुणी दुसऱ्याच्या कामाला जायचं नाही. गेला तर पाय खोड्यात.

 अठराही जणींना मारुतीच्या देवळातली सभा आठवली. धुऱ्यावर बसलेल्या गिरजाबाईनं छत्री मिटली, उघडली, आणि किटली न घेताच घराकडं निघाली.

ही गोष्ट धनराजच्या कानावर गेली नसती तरच नवल. गुरुवारी संध्याकाळी बाया घरी निघाल्या तेव्हा तो सडकेच्या बांधीपाशी उभा होता. चार गडी लावून त्यानं वाफ्यातले होते नव्हते तेवढे पऱ्हे काढून घेतले होते. धुऱ्याच्या कडेनं पेंड्यांची रासच लागली होती. सतरा जणींना दिवसभरात आवरणार नाही एवढी.

"देवकाबाई," तो हसत म्हणाला, "तुमच्या टोळीनं आजवर कोनाचे पऱ्हे वाळू नाई देल्ले. उद्या ऊन पडन म्हनते."

देवकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची जन्माची अब्रू त्यानं दाव्यासारखी तिच्याच गळ्यात अडकवली होती.  घरी आल्यावर ती हातपाय न धुताच दारात बसली. जाळं बंद झालं तर घर कशावर चालवायचं? आणि दामिनी नाही गेली तर? त्या पोरीनं चार वर्षं चुलीच्या धुरात डोळे लाल केले होते. उंबऱ्यापाशी येऊन दामिनी उभी राहिली.

"मामी, मागच्या पांदीनं जाईन. मोठ्या गावाहून आरमोरीची गाडी भेटते. कोनाले दिसनार नाई."

"चोरावानी?" देवकाबाई म्हणाली. "एसटी वावराजवळूनच जाते नं साडेसातची? वावराजवळूनच चढ. सगळ्याइच्या डोळ्यासमोर."

"पन तळं..."

"तळ्याचं मी पाहीन. तू दोन पोप पाह्य."

शुक्रवारी खरंच ऊन पडलं. सहा वाजता सतरा बाया बांधीत उतरल्या. देवकाबाईनं सगळ्यांना जागा दिल्या आणि मधोमध एक पाथ मोकळी ठेवली. त्या पाथेच्या वाटणीच्या पेंड्या तिनं स्वतः उचलून झाडाखालच्या पाटात, सावलीत, मुळं बुडतील अशा मांडल्या. ऊन कितीही तापलं तरी संध्याकाळपर्यंत त्यांना काही होणार नव्हतं.

"पसरून घेऊ का आपन?" सुकरीनं विचारलं. "एक पाथ तं आहे."

"नाई. थे दामिनीची आहे. ती लपून नाई गेली, तिची जागाही लपवाची नाई. ती आल्यावर रोवन."

दामिनी सडकेच्या कडेला उभी होती. धुतलेली साडी, हातात परीक्षेचं पॅड, अंगठ्याला चिंधी. साडेसातला पाच मिनिटं असताना धनराजची मोटरसायकल आली. त्यानं ती दामिनी आणि सडक यांच्या मधोमध आडवी लावली.

"चढली का तळं बंद, देवकाबाई," तो वावराकडं तोंड करून ओरडला. "सभेनं ठरवलं आहे. मी एकट्यानं नाई."

एसटी वळणावर दिसली. दामिनीनं सासूकडं पाहिलं.  देवकाबाई चिखलात सरळ उभी राहिली, कमरेवर दोन्ही हात ठेवून.

"पोरी, चढ," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की झाडावरचे बगळे उडाले.

दामिनी मोटरसायकलला वळसा घालून गेली, हात केला, गाडी थांबली. ती चढली. दार आपटलं आणि गाडी आरमोरीच्या दिशेनं निघून गेली. देवकाबाई वाकली आणि तिनं पहिली चार रोपं दाबली. तिच्या मागोमाग बाकीच्या सोळा जणींचे हात चिखलात गेले.

धनराज धुऱ्यावर येऊन उभा राहिला. बाया मागं सरकू लागल्या तशी हिरव्या बांधीच्या मधोमध ती रिकामी पाथ लांबत गेली. सडकेवरून येणारा-जाणारा पाहत होता, काही जण तर सायकल थांबवून.

"भरा थे," धनराज म्हणाला.

"बाईनं गावाबाहेर जायचं नाई, हा तुमचा नियम," देवकाबाई खाली पाहतच म्हणाली. "रिकामी पाथ भरायचा नियम कवा झाला?"

एवढ्यात गिरजाबाई किटली घेऊन आली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, सतरा वाकलेल्या पाठींकडं पाहिलं, मग त्या रिकाम्या पट्ट्याकडं. किटली खाली ठेवली. चपला काढल्या. साडीचा घोळ उचलून कमरेला घट्ट खोचला आणि ती बांधीत उतरली. पहिल्याच पावलाला पोटरीपर्यंत रुतली.

"अवो, का करून राह्यली तू?" धनराजचा आवाजच फुटला.

"रोवून राह्यली."

"लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या. वावर माह्यंही आहे. सभेत मले कोनी विचारलं का, हिले जाऊ द्यायचं का नाई?" ती दामिनीच्या पाथेच्या सुरुवातीला जाऊन वाकली. "मले तं तिचा पेपर व्हावा असंच वाटे."

 सडकेवर कुणीतरी खुदकन हसलं.

गिरजाबाईला काही जमत नव्हतं. तिनं मूठभर रोपं एका जागी खुपसली, ती लगेच वर तरंगली. पाऊल मागं घेताना ती स्वतःचीच रोपं तुडवत होती. बाया तिरक्या नजरेनं देवकाबाईकडं पाहू लागल्या. काय करायचं ते तिनं ठरवायचं होतं. देवकाबाईला आधी वाटलं, रुतू दे. एक दिवस रुतून कळेल. मग तिला त्या बाईचा वाकलेला कणा दिसला, थरथरणारा, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"चारच रोपं घ्या, बाई," ती म्हणाली. "अंगठ्यानं दाबा, बोटानं नाई. पाय फाकवून, थोडे थोडे मागं."

ऊन चढलं. गिरजाबाईच्या हातातल्या पेंड्या संपल्या. पेंड्या फेकणारा गडी पलीकडच्या टोकाला होता. तिनं मान न उचलताच हाक मारली, "पेंड्या टाका!" धुऱ्यावर धनराजशिवाय कुणी नव्हतं.  मग त्यानं एक पेंडी उचलून फेकली. ती अर्ध्यातच पडली.

"इथी पोचत नाई, धनराजभाऊ," सुकरी अगदी साळसूदपणे म्हणाली. "जरा आत या."

धनराजनं पँटीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. पाटाकडं जाऊन सावलीतल्या पेंड्या दोन्ही हातांत घेतल्या आणि चिखलात उतरला. कुणी हसलं नाही. सगळ्या जणी खाली पाहून रोवत राहिल्या. एवढी रीत त्यांच्यात होती.

टोळीचा नेम असा की जिची पाथ आधी धुऱ्याला लागेल तिनं मागं राहिलेलीला सोडवायचं, सगळ्या मिळूनच बाहेर निघायचं. देवकाबाईची पाथ सगळ्यांत आधी लागली. ती धुऱ्यावर चढली नाही. गिरजाबाईच्या पाथेच्या शेवटच्या टोकाला जाऊन ती धुऱ्याकडं तोंड करून वाकली आणि उलटी सरकू लागली. दोन्हीकडून दोघी मागं मागं येत होत्या, एकमेकींना न पाहता. मधलं चिखलपाणी हाताहातानं कमी होत गेलं, आणि मग दोघींच्या पाठी एकमेकींना टेकल्या.

दोघींनीही कमरा सरळ केल्या. गिरजाबाईच्या गालावर चिखल होता, डोळ्यांत पाणी, आणि तिला कमरेवरून हात काढवत नव्हता.

"रविवारी आमचं जाळं पडन तळ्यात," देवकाबाई म्हणाली. आवाजात विनवणी नव्हती.

"पडू द्या," गिरजाबाई म्हणाली. तिनं हे दोन पावलांवर पेंड्या धरून उभ्या असलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं. "मी येईन पाळीवर. पाहू कोन थांबवते."

 देवकाबाईनं त्याच्या हातातली पेंडी घेतली, सोडवली आणि अर्धी गिरजाबाईच्या हातात दिली.

"चला, बाई. बाजूची बांधी राह्यली आहे."